माइक नवरीच्या अंगावरच होता

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबलं तरी माझी हरकत नाही.

मी काही रंगवून सांगणार नाहीये. हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे, वेनिंग. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने मला हे सांगितलं, तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. बर्फासारखा गार.

बेसार महिन्यातला शनिवार आणि रविवार. आमच्या जावा बेटावर हा लग्नांचा महिना. गाव क्लातेनच्या दक्षिणेला, भातशेतांच्या मधोमध. नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात.

वेनिंग लग्नांच्या फिल्म बनवते. पण चारचौघांसारख्या नाही. "इकडे बघा, हसा, परत एकदा हात धरा" असलं ती काही म्हणत नाही. जे घडतंय ते गुपचूप टिपायचं. कुणाला थांबवायचं नाही, कशात पडायचं नाही. हा तिचा नियम. लग्नघरी पाऊल ठेवलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं...

"मला भिंतीवरची पाल समजा."

सोबत फक्त दानांग. दुसरा कॅमेरा त्याचा.

आणि एक छोटासा माइक. बटणाएवढा. तो ती नवरीच्या कपड्यात आत लावते, त्याची डबी कमरेला खोचते, आणि स्वतः दूर उभी राहून हेडफोनवर ऐकत राहते. कॅमेऱ्यासमोर माणसं सावध होतात. माइक मात्र लगेच विसरतात. नवरी हळूच काय पुटपुटली, आई कानात काय म्हणाली, ते सगळं तिच्या फिल्ममध्ये असतं. लोक रडतात बघून.

या लग्नातली नवरी होती नास्तिती. सेमारांगला औषधाच्या दुकानात काम करायची. बडबडी पोरगी. वेनिंगला म्बाक, म्हणजे ताई, म्हणायची. हसली की हसता हसता नाकातून घुर्र असा आवाज यायचा, आणि त्या आवाजाने ती स्वतःच आणखी हसायची.

शनिवारी संध्याकाळी वेनिंग तिच्या खोलीत शिरली.

घर नवं होतं, चकचकीत फरशीचं. पण मधली खोली जुन्या घरातली तशीच ठेवलेली. जाड सागवानी दार. खिडकी एकही नाही. एरवी ती बंदच असायची. लग्नाच्या आदल्या रात्री नवरीने तिथे बसायचं. त्या रात्री अप्सरा खाली उतरतात आणि आपलं रूप नवरीला देऊन जातात, असं आमच्याकडे मानतात.

"म्बाक, आठवडा झाला मला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाहीये," नास्तिती म्हणाली. "शुक्रवारी मशिदीत निकाह लागला आमचा. तरी आई म्हणते, उद्यापर्यंत नवऱ्याने तोंड बघायचं नाही. आता काय राहिलंय लपवायचं?"

"पाल बोलत नसते," वेनिंग म्हणाली.

"पाल चुकचुकते तरी!" आणि घुर्र...

मग ती भिंतींकडे बघत म्हणाली, "मला या खोलीत गुदमरल्यासारखं होतं गं. लहानपणापासून."

वेनिंगने ते टिपलं.

कोपऱ्यात बू कासिनेम पान कुटत बसली होती. वयाने मोठ्या बाईला आम्ही बू म्हणतो. त्या भागातल्या नवऱ्या सजवणारी जुनी बाई. कामाआधी उपास धरते, नवरीच्या टाळूवर फुंकर घालते, आणि मगच रंगाला हात लावते.

"उद्या हिची आईसुद्धा हिला ओळखणार नाही," ती म्हणाली.

आमच्याकडे नवरीची याहून मोठी तारीफ नाही. सगळ्याजणी खूश झाल्या.

रविवारची सकाळ.

मांडव भरत होता. गामेलानवाले वाद्यं लावत होते. मधल्या खोलीत नास्तितीच्या छातीला कापड गुंडाळून झालं, तेव्हा वेनिंगने आतल्या बाजूने माइक लावला. डबी कमरपट्ट्यात खोचली.

"काही वेडंवाकडं बोलले तर कापशील ना, म्बाक?"

"बघू."

बू कासिनेमने कपाळ रंगवायची काडी हातात घेतली आणि म्हणाली, "आता कॅमेरा बाहेर."

नियम म्हणजे नियम. वेनिंग बाहेर आली. दार लागलं.

ती बाहेर भिंतीला टेकून हेडफोन लावून उभी राहिली. आत पुटपुटणं चालू होतं. बांगड्यांचा आवाज. नास्तितीचं एक हसू, घुर्र.

"डोळे मीट, पोरी," बू कासिनेमचा आवाज.

मग शांतता...

बराच वेळ काहीच नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग दार उघडलं.

नवरी बाहेर आली.

काळ्या मखमली झग्यावर मोगऱ्याची लांब माळ रुळत होती. कपाळावर काळी महिरप. डोक्यावर सोन्याची फुलं हलत होती. बायकांच्या तोंडून एकदमच "अगंबाई" निघालं. नास्तितीची आई, बू लास्त्री, दोन पावलं पुढे आली आणि थबकली. तिचे डोळे भरून आले.

"खरंच ओळखू येत नाही गं," ती म्हणाली.

सगळ्या हसल्या.

नवरीसुद्धा हसली. पण आवाज न करता. वेनिंगला तेव्हा ते नुसतं छान वाटलं.

मांडवात विधी सुरू झाले. नवरा, हांगोरो, समोरून आला. दोघांनी एकमेकांवर विड्याच्या पानांच्या सुरळ्या फेकल्या. त्याने अंडं पायाखाली फोडलं. नवरी गुडघ्यावर बसली आणि फुलांच्या पाण्याने त्याचा पाय धुऊ लागली.

वेनिंग अगदी जवळ होती. भिंगातून तिला पाणी ओघळताना दिसत होतं.

पण हेडफोनमध्ये पाण्याचा आवाज नव्हता.

गामेलानही नव्हतं.

माणसांचा गलबलाही नव्हता.

होती एक बंद, कोंदट शांतता... आणि त्यात कुणाचा तरी श्वास.

तिला वाटलं, डबी बिघडली. तिने हेडफोन कानावर घट्ट दाबला.

ठक... ठक... ठक.

लाकडावर नाही. मातीच्या भिंतीवर मूठ आपटावी तसा आवाज.

"बू? बू कासिनेम? झालं का? उघडू डोळे?"

तो नास्तितीचा आवाज होता.

समोर नवरी खाली मान घालून पाय पुसत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

वेनिंगने दानांगला खूण केली. त्याने त्याच्या कॅमेऱ्याचा आवाज तपासला. अंगठा वर केला. त्याच्याकडे गामेलान ठणठणीत येत होतं.

मग हा आवाज जुना असेल, मघाचा, कुठेतरी अडकलेला? तसं होत नसतं, हे तिला माहीत होतं. यंत्रात साठवलेलं काही नव्हतं. माइक ऐकेल ते त्याच क्षणी तिच्या कानात येत होतं. आणि माइक होता नवरीच्या अंगावर. कमरपट्ट्यातल्या डबीचा उंचवटा झग्यातून सरळ दिसत होता.

"दार कुठंय?" हेडफोनमध्ये नास्तिती म्हणाली.

भिंत चाचपल्याचा आवाज. सरसर... सरसर...

"इथेच होतं ना दार? आई! अगं आई!"

नवरा-नवरी मंचावर जाऊन बसले. पाहुण्यांच्या रांगांमधून चहाचे पेले आणि ताटं हातोहात फिरू लागली. ध्वनिक्षेपकावर सूत्रसंचालक गोड आवाजात नव्या जोडप्याचं कौतुक करत होता. आणि वेनिंगच्या कानात एक पोरगी भिंतीवर मुठी आपटत होती.



मग तो आवाज एकदम शांत झाला. अगदी जवळ आला. जणू नास्तितीने मान खाली घालून छातीशी तोंड नेलं होतं.

"म्बाक वेनिंग... तुला ऐकू येतंय ना? माइक आहे माझ्याकडे. तू ऐकतेस ना?"

वेनिंगने कॅमेरा खाली ठेवला.

चालू कार्यक्रमात तिने असं कधीच केलं नव्हतं.

घरात कुणी नव्हतं. सगळे मांडवात. मधल्या खोलीच्या दाराशी बू कासिनेम पाय पसरून बसली होती. तिच्यासमोर पानाचा खलबत्ता होता, पण हात थांबलेला. कपाळावर घाम.

"दार उघडा बू. माझी एक वस्तू आत राहिलीय."

"आत काही नाही."

"नास्तिती आत आहे."

बू कासिनेमने तिच्याकडे बघितलं. ओरडली नाही, हसलीही नाही.

"मी आख्खी खोली बघितली," ती म्हणाली. "पलंगाखालीसुद्धा. मीच सजवलेली पोर उठून चालायला लागली, आणि मला वाटलं, ही कुणाची? आयुष्य गेलं माझं या कामात. रूप मागायचं, मिळायचं, देणारी निघून जायची. या वेळी..."

ती बाजूला सरकली.

वेनिंगने दार ढकललं.

पलंग. त्यावर रचलेल्या उशा. आरसा. मोगऱ्याचा वास, इतका दाट की मळमळावं. खोलीत कुणी नव्हतं.

ती एक पाऊल आत गेली.

आणि हेडफोनमध्ये तिला पावलाचा आवाज आला.

तिच्याच.

ती थांबली. आवाज थांबला. अजून एक पाऊल टाकलं. हेडफोनमध्ये फरशीवर चप्पल वाजली.

"कोण?" नास्तिती दचकून म्हणाली. "म्बाक? तू आलीस?"

"कुठे आहेस तू?" वेनिंगने विचारलं, आणि तिचाच आवाज तिच्या कानात परत आला. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू यावा तसा.

"मी इथेच आहे गं! तुझ्या समोर! हात कर पुढे!"

वेनिंगने हात पुढे केला. काही लागलं नाही. पण बोटांची टोकं बधिर झाली... पाण्यात घातल्यासारखी.

तेवढ्यात मागे दार लागलं.

ती वळली. दार नव्हतं.

भिंत होती. चारी बाजूंनी. गार, ओलसर भिंत. मांडवातली वाद्यं पार बंद झाली होती. तिने भिंतीवर मुठी आपटल्या. ओरडली. दानांगच्या नावाने हाका मारल्या. आवाज भिंतीत जिरून जात होता. किती वेळ गेला ते तिला आजही सांगता येत नाही. तिला एवढंच वाटत होतं की बाहेर सगळे जेवतायत, हसतायत, आणि कुणाला आपली आठवणसुद्धा नाही. भिंतीवरची पाल कुणी शोधत नाही.

मग कुणीतरी तिचा दंड धरून तिला खेचलं.

दानांग होता.

"काय चाललंय तुझं?" तो पांढराफटक पडला होता. "दार उघडंच आहे वेनिंग! सताड! तू खोलीच्या मधोमध उभी राहून हवेत मुठी मारत होतीस!"

तिने हातांकडे बघितलं. बोटांची सालं निघाली होती.

यानंतर तिने जे केलं ते तिच्या सगळ्या नियमांच्या विरुद्ध होतं. ती थेट बू लास्त्रीकडे गेली. ती बिचारी पाहुण्यांना नमस्कार करत उभी होती. वेनिंगने तिला मांडवाच्या कडेला ओढलं आणि हेडफोन तिच्या कानांवर चढवला.

"हे काय पोरी? आत्ता?"

"ऐका फक्त."

बू लास्त्री ऐकत राहिली. ओठांवरचं हसू तसंच होतं, पण त्यातला जीव हळूहळू गेला. तिने हेडफोन काढला. शांतपणे परत दिला.

"माझी मुलगी तिथे बसलीय," तिने मंचाकडे बोट केलं. "साऱ्या गावाने बघितलीय."

"हो, बू."

बू लास्त्री मंचाकडे बघत राहिली. मग खालच्या आवाजात तिने विचारलं,

"मघापासून रडतीय का ती?"

वेनिंगने होकारार्थी मान हलवली.

बू लास्त्रीने जवळच्या पाहुण्याच्या हातातला चहाचा पेला काढून घेतला. आपल्या ओढणीचं टोक त्या गोड, गरम चहात बुडवलं. आणि भरल्या मांडवातून चालत मंचावर चढली.

सूत्रसंचालक अडखळला. ताटं जिथल्या तिथे थांबली.

"बू, काय झालं?" हांगोरो उठायला लागला.

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. नवरीची हनुवटी धरली आणि कपाळावरचा काळा रंग खसखसून पुसायला लागली.

नवरीने तिचं मनगट धरलं. रागाने नाही. वेनिंग मंचाच्या पायऱ्यांपर्यंत पोचली होती, तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"बाई, थोडा वेळ बसू द्या ना मला," नवरी म्हणाली. "अजून पाहुणे जेवतायत."

आईला कुणी बाई म्हणतं का?

"माझी पोर दे," बू लास्त्री म्हणाली. "दे माझी पोर. दे!"

ती रडत होती आणि पुसत होती. काळा ओघळ नवरीच्या नाकावर, गालांवर उतरला. बायका मंचाकडे धावल्या. कुणीतरी ओरडलं, "अरे धरा तिला, वेड लागलंय!"

आणि वेनिंगच्या हेडफोनमध्ये काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला.

मग गामेलान. माणसं. खुर्च्या. सगळं एकदम कानात घुसलं. आणि त्या सगळ्याच्या वर...

"आईऽऽऽ!"

या वेळी ओठही हलले होते.

नास्तिती आईच्या गळ्यात पडली होती. हुंदके देत होती, आणि हुंदक्यांमध्ये नाकातून तोच घुर्र आवाज येत होता. तिच्या दोन्ही हातांच्या बोटांची सालं निघाली होती.

लोकांना सांगितलं, उपाशीपोटी नवरीला चक्कर आली. आईचं डोकं फिरलं असंही गावाने म्हणून घेतलं. बू लास्त्रीने एका शब्दाने कुणाला खुलासा केला नाही.

बू कासिनेम त्या दिवशी पान-सुपारीचा डबा तिथेच टाकून गेली. त्यानंतर तिने एकही नवरी सजवलेली नाही.

नंतर वेनिंगने नास्तितीला एकदाच विचारलं, "मी ऐकत असेन याची खात्री होती तुला?"

"नाही," ती म्हणाली. "पण दुसरं कुणाला सांगणार होते?"

वेनिंगने फिल्म करून दिली. मंचावरचा आणि विधींचा सगळा भाग गाळून. नास्तितीने काही विचारलं नाही. खरं तर तिने ती फिल्म आजपर्यंत पाहिलेली नाही.

इथे हे संपायला हवं होतं.

पावसाळा सरता सरता एक दिवस हांगोरो वेनिंगच्या दारात येऊन उभा राहिला. एकटाच. वाळला होता. दाढी वाढलेली.

"म्बाक, मला गाळलेला भाग हवाय."

"का?"

"पाय धुताना तिने मला काहीतरी सांगितलं. अगदी हळू. तुमच्या माइकमध्ये आलं असेल."

"माइकमध्ये तिचं काही आलं नाही, हांगोरो. का, ते तुला माहितीये."

तो चपलांकडे बघायला लागला.

"तिने मला तिचं नाव सांगितलं होतं," तो म्हणाला. "नास्तितीचं नाही. तिचं. आणि मी ते विसरलो. मला झोप लागत नाही म्बाक. एकदाच ऐकायचंय."

"घरी बायको आहे तुझी."

"हो," तो म्हणाला. "आहे."

त्याने ते ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज वेनिंगला सगळ्यात जास्त टोचला.

तिने त्याला काही दिलं नाही. पण तो परत आला. मग परत. शेवटी ती गाळलेल्या भागाची डिस्क घेऊन माझ्याकडे आली. "तुझ्याकडे ठेव. त्याला तुझं घर माहीत नाही. आणि शपथ आहे, बघू नकोस."

मी माणूस आहे. मी बघितलं.

एकदाच. भर दुपारी, दारं-खिडक्या उघडून. नवरी गुडघ्यावर बसते. पाणी ओघळतं. ती मान किंचित वर करते, हांगोरोकडे बघते, आणि तिचे ओठ हलतात. दोन अक्षरं असावीत. तिचा आवाज आलेला नाही. नुसते ओठ.

मला वाटतं, मला ते नाव कळलं.

मी ते कुणाला सांगितलेलं नाही. वेनिंगलाही नाही. कधी मोठ्याने उच्चारलेलंही नाही. इथेही लिहिणार नाही.

पण परवा संध्याकाळी मी अंगणातून माझ्या लेकीला हाक मारली. तिच्याच नावाने मारायला गेले होते. तोंड उघडलं, आणि जिभेवर भलतंच नाव आलं. पहिलं अक्षर बाहेर पडलंसुद्धा. मी जीभ चावली.

आतल्या खोलीतून लगेच उत्तर आलं.

"आले हं, बाई."

माझी लेक तेव्हा अंगणातच होती. माझ्या समोर.